पूर्वेकडची खरखर

बोरगाव (ता. निपाणी)
९ सप्टेंबर २०२४

प्रिय नागेंद्र,

जय जिनेंद्र. माझं अक्षर तुला ओळखू येईल की नाही, शंकाच आहे. तीस वर्षं आपण बोलतोय, पण सगळं वायरलेसवर. कागदावर मी तुला शेवटचं कधी लिहिलं ते आठवत नाही.

गेले सव्वीस दिवस रोज सायंकाळी पाचला मी संच लावतो, चाळीस मीटरच्या पट्ट्यावर आपल्या नेहमीच्या जागी येतो, आणि हेडफोनमध्ये नुसती खरखर. पत्र्यावर कुणी वाळू ओततच राहावी तशी. आवाजाचा जोर दाखवणारी सुई नऊच्या खाली उतरत नाही. त्या खरखरीच्या तळाशी कधीतरी तुझ्या मोर्सचा एखादा ठिपका, एखादी रेघ लागल्यासारखी वाटते. ती खरंच तू असतोस की माझा कान मला फसवतो, ते कळत नाही.

तुझी तब्येत बरी आहे ना? गळ्याचं परत काही निघालं नाही ना? मी फोन केला होता. तुझ्या सूनबाईंनी उचलला, "बाबा बरे आहेत" म्हणाल्या. पुढं काय विचारायचं? तू फोनवर बोलणार कसा. आणि मोबाइलवर एकेक अक्षर शोधत लिहायला मला जमत नाही, शिवाय तुझा मोबाइल दिवसभर नातीकडं असतो हे तूच सांगितलेलं. म्हणून हे पत्र.

एक सांगून ठेवतो. लेकीचा, दिव्याचा, रविवारी हुबळीहून फोन येतो. सकाळी रवळू दूध घालून जातो. तो "येतो" म्हणतो, मी "ये" म्हणतो. माझी बाई वारल्यापासून या माळावरच्या घरात एवढंच बोलणं होतं. बाकीचं सगळं पाच वाजताचं होतं.

तू हवेवर येतोस की नाही, तेवढं कळव.

तुझा,
बाळगोंडा


शहापूर, बेळगाव
१४ सप्टेंबर २०२४

आप्पा,

नमस्कार. मी रोज असतो. एक दिवस चुकवलेला नाही.

आणि ऐका, तुम्ही मला स्वच्छ येता. खरखर तुमच्या बाजूला आहे, माझ्याकडं नाही. रोज पाचला तुम्ही हाका मारता, "नागेंद्र आहेस का, आहेस का." मी रोज उत्तर देतो, आहे, आहे. तुम्ही परत विचारता. मी परत सांगतो. परवा तुम्ही "उद्या बघू" म्हणून बंद केलंत, तेव्हा मी "आप्पा, मी इथंच आहे" हे वाक्य पाठवत होतो. अर्धं राहिलं.

चार वर्षांपूर्वी गळ्यातली आवाजाची पेटी काढली तेव्हापासून घरात माझं असंच चालतं. मला सगळे ऐकू येतात. मी ताटलीवर चमचा वाजवला की आमची मालू वळून बघते, मग मी पाटीवर लिहितो, तोपर्यंत पोरांचा विषय बदललेला असतो. वायरलेसवर तसं नव्हतं. तिथं सगळेच बोटानं बोलतात. तिथं मी तुमच्याइतकाच बोलता माणूस होतो. म्हणून म्हणतो, ही खरखर शोधाच.

टेलिफोन खात्यात तुम्ही जन्मभर लाइनीतले दोष शोधलेत, मी मागवाला विणकर तुम्हाला काय शिकवणार. तरी लिहितो. आधी संच बॅटरीवर लावा आणि घरचा मेन स्विच पाडा. खरखर राहिली तर ती बाहेरची. मग साधा ट्रान्झिस्टर घ्या, स्टेशन नसलेल्या जागी लावा, आणि रानातनं चाला. ट्रान्झिस्टर आडवा धरून फिरवत राहा. एका ठिकाणी आवाज एकदम पडतो. तेव्हा त्याचं टोक ज्या रेषेत असेल, त्या रेषेवर चोर असतो.

तोपर्यंत तुम्ही हाका मारणं सोडू नका. मी ऐकतो.

आपला,
नागेंद्र


बोरगाव
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय नागेंद्र,

तुझं पत्र तीनदा वाचलं. "अर्धं राहिलं" या शब्दांवर मी थांबलो होतो.

आता कामाचं. मेन पाडला, खरखर तशीच. म्हणजे घरातली नाही. मग ट्रान्झिस्टर घेऊन निघालो. आवाज पडतो तेव्हा टोक पूर्व-पश्चिम राहतं. त्या रेषेवर मी पश्चिमेला चालत गेलो.

पहिलं लागलं रवळूचं झटका मशीन. रानडुकरं येऊ नयेत म्हणून त्यानं उसाभोवती तार ओढलीय. पण ते सेकंदाला एकदा टक्क करतं, घड्याळासारखं. ते नव्हे. त्यापुढं तंबाखूचं गोडाऊन, तिथले सगळे दिवे बंद करायला लावले. गोडाऊनचा वॉचमन मला येडा समजला असणार. ते नव्हे. त्यापुढं डीपीचा खांब. लाइनमनला बोलावून आणलं. त्यानं खांबावर लाकडी दांडक्यानं चार ठोके घातले, ट्रान्झिस्टर कानाला लावला, आणि म्हणाला, "एनु इल्ल री, आप्पा, काय नाही. रेडिओच बिघडलाय. नवा घ्या."

दोन गोष्टी कोड्यात टाकतात. पश्चिमेला जावं तशी खरखर कमी होत जाते. आणि परवा दुपारी दोन तास लाइट गेली होती, सगळ्या माळावर. तरी खरखर थांबली नाही, उलट जरा धारदार झाली. लाइट नसताना कसली खरखर? मला वाटतं ही वरचीच असावी. सूर्य यंदा खवळलेला आहे म्हणतात. तसं असेल तर आपल्या हातात काही नाही. वाट बघावी, झालं.

तुझा,
बाळगोंडा


शहापूर
४ ऑक्टोबर २०२४

आप्पा,

सूर्याची खरखर एका रेषेवर येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

रेषेला दोन टोकं असतात. पश्चिमेला जाताना आवाज कमी होतो तर तुम्ही मागं वळून पूर्वेला का गेला नाहीत? तुमच्या पत्रात गोडाऊन आहे, डुकरं आहेत, वॉचमन आहे, पण पूर्वेचं एक अक्षर नाही. आणि लाइट गेल्यावर चालू राहते ती खरखर इन्व्हर्टरची. त्या माळावर इन्व्हर्टर किती जणांकडं असणार?

पूर्वेला कुणाचं घर आहे?

काल तुम्ही सातच मिनिटं हाका मारल्यात.

नागेंद्र


बोरगाव
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय नागेंद्र,

उत्तराला उशीर केला. कारणं सांगत नाही.

पूर्वेला भूपालचं घर आहे. माझा धाकटा भाऊ. मधे चिंचेचं झाड आणि चार सऱ्या ऊस. आठ वर्षांपूर्वीपर्यंत त्याचं नाव माझ्या बोलण्यात असायचं, मग निघायचं बंद झालं. तू कधी विचारलं नाहीस, त्याबद्दल मी मनात तुझे आभार मानत आलो.

आठ वर्षांपूर्वी वैशाखात वळवाच्या पावसात त्याच्या गोठ्यावर वीज पडली. दोन म्हशी जागच्या जागी गेल्या. मी धावत गेलो. भूपाल चिखलात बसला होता. मला बघून म्हणाला, "तुझ्या तारंनं वीज वढली. तो खांब काढ." माझा एरियलचा खांब साठ फुटी, तुला माहीत आहे.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "भूपाल, खांब असला म्हणून लांबची वीज ओढली जात नाही. ती पडायची तिथंच पडते. शिवाय माझ्या खांबाला अर्थिंग आहे." समोर जनावरं पडलेली, लक्ष्मी, त्याची बायको, पदर तोंडात धरून रडत उभी, आणि मी त्याला अर्थिंग सांगतोय. त्यानं परत म्हटलं, खांब काढ. मी काढला नाही. माझं शास्त्र बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

त्या दिवसापासून तो माझ्या दारात आला नाही, मी त्याच्या दारात गेलो नाही. माझी बाई गेली तेव्हा तो वाटेवर उभा राहिला आणि तिथूनच मागं फिरला.

यंदा उन्हाळ्यात त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. रवळूनं दूध घालताना सांगितलं, मी "हं" म्हटलं. पाठीला जखमा झाल्या म्हणून दवाखान्यातून हवेची गादी दिली. तिला सारखी हवा भरणारा पंप असतो. लाइट गेली की गादी बसते, म्हणून घरात इन्व्हर्टर आला. तो चौदा ऑगस्टला आला. माझी खरखर चौदा ऑगस्टची.

हे मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. पण पहिल्या आठवड्यात कळलं होतं. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही ठाऊक होतं. तू दुसरं काहीतरी शोधून काढशील अशी आशा होती.

आता तूच सांग, त्याच्या दारात जाऊन मी काय म्हणू? तुझ्या गादीमुळं माझा रेडिओ चालत नाही, म्हणू?

बाळगोंडा


शहापूर
२५ ऑक्टोबर २०२४

आप्पा,

हो, तसंच म्हणा.

भेटायला म्हणून तुम्ही जाणार नाही. आठ वर्षं गेला नाहीत, आता काय जाणार. पण दोष काढायला कुणाच्याही दारात जायची तुम्हाला कधी लाज वाटलेली नाही. तेव्हा कामाला म्हणून जा.

सोबतच्या डब्यात फेराइटच्या सहा कड्या आहेत. काळ्या, बांगडीएवढ्या. इन्व्हर्टरच्या वायरी त्यातनं आठ-आठ वेढे घेऊन काढायच्या. खरखर वायरीवाटे बाहेर पडते, ती तिथंच अडते. बॅटरीच्या वायरी आखूड करा, एकमेकींना पीळ द्या. गादीला काही होत नाही, हे त्यांना आधी सांगा.

दुसरं एक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

ऑपरेशनच्या आधी मला आठ दिवस मिळाले होते. आवाज घोगरा झाला होता, पण होता. नंतर राहणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. त्या आठ दिवसांत मी काय बोललो? टाकीचा कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा. मागाचं सामान कुठल्या दुकानात मिळतं. कुणाची साडी मागावरनं कधी उतरवून द्यायची. मालूला, स्वतःच्या बायकोला, मी उभ्या जन्मात नावानं हाक मारली नव्हती, आमच्यात मारत नाहीत. एकदा मारायची होती. घरात माणसं होती. लाजलो. उद्या मारू म्हटलं. असे आठ उद्या गेले.

तुमच्या भावाला अजून बोलता येत असेल तर दिवाळीच्या पुढं ढकलू नका.

नागेंद्र


बोरगाव
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय नागेंद्र,

पाडव्याला सकाळी गेलो. पिशवीत तुझ्या कड्या, पक्कड, पाना आणि आमच्या जैन बस्तीतला महावीर निर्वाणाचा लाडू. उसातनं जाताना तीनदा थांबलो. परत फिरलोही होतो एकदा.

लक्ष्मी अंगणात भांडी घासत होती. मला बघून राखेच्या हातानंच तिनं पदर सावरला. मग मीच म्हणालो, "लक्ष्मी, तुमच्या इन्व्हर्टरची खरखर माझ्या मशीनीत येतीया. बघून जातो."

ती म्हणाली, "बघा की अण्णा. आत हाय." जरा थांबून म्हणाली, "त्ये बी आतच हाईत."

इन्व्हर्टर नेमका त्याच्या उशाशी. भूपाल उताणा पडला होता, डोळे उघडे. माझ्याकडं बघितलं आणि छताकडं बघायला लागला. मी त्याच्याकडं पाठ करून खाली बसलो आणि पाना काढला. खरं सांगतो, पाना हातात आल्यावर मला जरा बरं वाटलं.

वायरी सोडायच्या तर पंप बंद करायला लागणार. लक्ष्मीनं विचारलं, "किती येळ?" मी म्हटलं, अर्धा तास. ती म्हणाली, "दहा मिन्टात गादी बसती. पाठ टेकवून चालत न्हाय, जखम हाय. कुशीवर धरून ऱ्हावं लागतंय. मी धरते, तुम्ही करा."

तिनं धरलं. मी दोन कड्यांचे वेढे घेतले. मागं वळून बघितलं तर ती खांदा लावून त्याला पेलत होती. उन्हाळ्यापासून ती एकटी त्याला दिवसातून कितीदा असं धरते, देव जाणे. मी पक्कड ठेवली आणि म्हणालो, "बाजूला सरक. मी धरतो."

मग वायरी कुणी करायच्या? तिनंच केल्या. मी सांगत गेलो, ती वेढे घेत गेली. फुलवाती वळताना बायका बसतात तशी, मान खाली घालून. एक वेढा चुकला नाही.

आणि भूपाल माझ्या छातीला टेकलेला. तू त्याला बघितलेलं नाहीस. तो माझ्यापेक्षा दांडगा. उसाची मोळी एका हातानं ट्रॉलीत टाकायचा. आता त्याच्या बरगड्या माझ्या हाताला लागत होत्या. मग तो जड जिभेनं म्हणाला, "आलास."

"व्हय."

"कशाला?"

"मशीनीत खरखर येतीया."

त्याचा अर्धा चेहरा हसला. "आठ वर्सांनी... मशीनीपायी." दम खाल्ला. मग म्हणाला, "खांब हाय अजून?"

"हाय."

"वारं सुटलं की तारा वाजत्यात. हितं ऐकू येतंय. लक्ष्मी म्हंती खिडकी लावू काय. मी म्हंतो, ऱ्हाऊ दे. अण्णा हाय, असं वाटतंय."

मी म्हणालो, "त्या दिवशी मी म्हशींचं काय इचारलं न्हाय."

त्यानं डोळे खिडकीकडं वळवले. मग म्हणाला, "एक गाभण हुती."

"मला ठाऊक न्हवतं."

"कुठनं असंल. तू अर्थिंग सांगत हुतास."

वायरी झाल्या, पंप सुरू झाला, गादी फुगली, मी त्याला हळूच टेकवला. निघताना लाडवातला एक तुकडा लक्ष्मीनं त्याला भरवला, उरलेला माझ्या हातावर ठेवला.

घरी आलो. सुई तीनवर. पाचला तू आलास, "आप्पा, सापडला का चोर?" एवढंच म्हणालास आणि मला मिनिटभर बोट उचलवेना. तुला वाटलं असेल अजून ऐकू येत नाही. तुझं ऐकत होतो. हे सगळं त्या दिवशी हवेवर सांगता आलं नाही, तिथं सगळं जग ऐकत असतं.

एक अडचण आहे. त्याची जखम धुवायला बोरगावच्या दवाखान्यातली नर्स अक्काताई येते, ती रोज पाचलाच. तिला दुसरीकडं जायचं असतं, वेळ बदलत नाही. कुशीवर धरायला माणूस लागतं. लक्ष्मीला मी म्हणून बसलो की मी येत जाईन. तेव्हा काही दिवस माझं पाचचं चुकेल.

तुझा,
बाळगोंडा


शहापूर
२३ डिसेंबर २०२४

आप्पा,

भूपालअण्णांची जखम सुकायला लागली हे तुमच्या कार्डावरून कळलं. फार बरं वाटलं.

पाचचं चुकतं म्हणून तुम्ही दर कार्डात माफी मागता, ते आता बंद करा. मलाही हल्ली वेळ नसतो. गल्लीतल्या देवळात भजनाला जाऊन बसतो. गाता येत नाही, टाळ वाजवतो. नातीचा अभ्यास असतो. खरं सांगायचं तर संच आठ-आठ दिवस लावत नाही. तेव्हा माझी काळजी करू नका. भावाकडं बघा.

मालूचा नमस्कार.

नागेंद्र


शहापूर, बेळगाव
९ जानेवारी २०२५

आप्पांना मालुबाईचा नमस्कार.

तुम्ही मला वळखत न्हाय, मीबी तुमाला कधी बघितलं न्हाय. पण तीस वर्सं तुमचं नाव घरात हाय.

ह्यांनी तुमाला खोटं लिवलं. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलतं, पाकीट चिकटलं न्हवतं, मी वाचलं. वाचाय नको हुतं, पण वाचलं. भजनाला कुठं जातात? टाळबी घरात न्हाय. रोज पावणेपाचला गच्चीवरच्या खोलीत जातात, कानाला लावून बसतात. बटन दाबत न्हाईत. एक दिवस मी चहा घेऊन गेलते तेव्हा इचारलं, दाबत का न्हाई. पाटीवर लिवलं, "मी दाबताना आप्पांनी हाक मारली तर मला ऐकू येणार नाही." साडेपाचला उतरतात आणि मुकाट्यानं जेवाय बसतात. जेवाय एवढ्या लवकर कोण बसतंय? पण त्यांचा दिवस तिथंच सरतो.

मला ती कट्टकट्टची भाषा येत न्हाय. शिकाय बसले हुते, चार दिवसांत त्येंनीच पाटीवर लिवलं, ऱ्हाऊ दे. ह्यांच्या मनातलं काय मला सगळं कळत न्हाय. पाटीवर माणूस कामापुरतंच लिवतंय.

भावाला सोडा असं मी म्हणत न्हाय. तसं म्हणले तर पाप लागंल. पण कायतरी करा. ह्ये पत्र टाकल्याचं ह्यांना ठाऊक न्हाय.

मालुबाई


बोरगाव
२७ जानेवारी २०२५

प्रिय नागेंद्र,

काल पाच वाजता तू हवेवर जे बोललास, ते किती जणांनी ऐकलं हे तुला ठाऊक नाही. ते सांगायला हे पत्र.

संच आता माझ्या घरात नाही. भूपालच्या खोलीत आहे, खिडकीखाली. बरेच दिवस मनात होतं, विचारायची छाती होत नव्हती. शेवटी मागच्या आठवड्यात त्याला धरून बसलो होतो तेव्हाच विचारलं, "तुझ्या घरावरनं एक तार न्हेऊ काय? चिंचेपतोर." लक्ष्मीचा हात थांबला. त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, "वळवाच्या आत काढायची."

"काढतो," म्हणालो. शास्त्र सांगितलं नाही.

वायरलेसच्या परवान्यावर पत्ता जमिनीच्या गट नंबराचा आहे, आणि गट अजून आम्हा दोघांच्या नावावर एकच आहे. आठ वर्षांत वाटणी करायला कुणी पुढं आलं नव्हतं, ते बरंच झालं. लाइट असली की पाऊण तास इन्व्हर्टर बंद ठेवतो आणि गादीचा पंप सरळ लाइटवर चालवतो. सुई दोनवर.

काल जखम धुऊन झाली, अक्काताई हात धूत होती. मी बसलो आणि तुला हाक मारली. तू पहिल्याच हाकेला आलास. आठ-आठ दिवस संच न लावणारा माणूस पहिल्या हाकेला कसा आला, ते मी विचारत नाही.

सवयीनं हेडफोन घालायला गेलो तर भूपाल म्हणाला, "एकटाच ऐकणार व्हय?" म्हणून स्पीकर लावला. खोलीभर तुझं कट्ट-कडकट्ट. "काय म्हंतोय?" मग मी एकेक शब्द मोठ्यानं म्हणत गेलो. "आप्पा... इकडं... थंडी... फार आहे. मालूनं... हुलग्याचं... माडगं केलंय." तू बेळगावात बोट हलवत होतास आणि इथं चार माणसं तुझं ऐकत होती. लक्ष्मी दारातनं म्हणाली, "गूळ घालत्यात काय मीठ, इचारा." तुला वाटलं असेल, आप्पांना एकदम माडग्याची चौकशी कशी सुचली. तू "गूळ, आणि वरनं तूप" म्हणालास, तेव्हा अक्काताई म्हणाली, "बघा, मी म्हणले न्हवतं?" तिची आणि लक्ष्मीची त्यावरनं आधीच पैज लागली होती. अक्काताईला दुसरीकडं जायचं असतं, काल ती वीस मिनिटं थांबली.

तू गेल्यावर भूपालनं विचारलं, "त्येंचा आवाज कसा हुता रं? आधी?"

मला सांगता येईना. तू सुरुवातीला माइकवर बोलायचास, दोन-तीन वर्षं, मग आपण मोर्सवर आलो. फोनवर अधूनमधून. मी आठवत बसलो. जाड होता. हसायच्या आधी तू एक श्वास आत ओढायचास, तो ऐकू यायचा. "ऐका की" म्हणताना "की" लांबवायचास. एवढं आठवलं. एवढंच आठवलं, याचं मला फार वाईट वाटलं. जे आठवलं ते त्याला करून दाखवलं. तो हसला नाही. म्हणाला, "बरा हुता की."

भूपाल बरा होणार नाही. डॉक्टरांनी लक्ष्मीला सांगितलंय, तिनं मला सांगितलं, त्याला कुणी सांगितलं नाही, पण त्याला ठाऊक आहे. उन्हाळा निघेल की नाही, माहीत नाही. सहा वाजता मी उसातनं माझ्या घरी येतो, दार उघडतो, आणि टेबलावर जिथं संच होता तिथं नुसती चौकोनी, धूळ नसलेली जागा आहे. तिथंच कागद ठेवून हे लिहितोय. खरखर नाही, काहीच नाही. या घराची एवढी शांतता मी पूर्वी ऐकलेली नव्हती. म्हणून उद्याचे पाच कधी वाजतात असं होतं.

तुझ्याकडंही स्पीकर असेल. हेडफोन काढ, तो लाव, आणि मालुबाईंना शेजारी बसव. मी अगदी सावकाश पाठवीन, एकेक शब्द. तू ऐकशील ते पाटीवर लिही, त्या वाचतील. इकडं तुझं मी म्हणतो, तिकडं आमचं त्या वाचून दाखवतील, मोठ्यानं. कामाचं काही नको. लक्ष्मीला त्यांना काय काय विचारायचंय, तिनं यादीच केलीय.

भूपाल म्हणतो, गुरुवारपर्यंत हे पत्र पोचेल, त्या दिवशी पहिलं वाक्य तोच सांगणार, मी फक्त बोट हलवायचं. काय सांगणार ते मलाही सांगत नाही.

तुझा,
बाळगोंडा